मैदानाकडून फळ्याकडे

फुगडी घालणाऱ्या दोन मुलींकडे नीट पाहिले तर भौतिकशास्त्राचा एक अख्खा पाठ डोळ्यांसमोर फिरत असतो. पावले जवळजवळ, हात घट्ट गुंफलेले, पाठी मागे झुकलेल्या. वेग वाढला की हातांना ओढ बसते. या ओढीचा हिशेब मांडता येतो. प्रत्येकीचे वजन ३० किलो, शरीराचा गुरुत्वमध्य फिरण्याच्या अक्षापासून ४० सेंटिमीटरवर आणि एक फेरी दीड सेकंदाची, असे धरले तर प्रत्येकीला वर्तुळात ठेवायला सुमारे २१० न्यूटन बल लागते. एकवीस किलोचे पोते उचलून धरावे तेवढे. तीच फेरी एका सेकंदात होऊ लागली की आकडा पावणेपाचशे न्यूटनांच्या आसपास जातो. वेग दीडपट झाला, ओढ सव्वादोनपट झाली. वेगाचा वर्ग म्हणजे काय, हे त्या दोन मनगटांना चांगले समजलेले असते.

याच मुली दहावीत जातात. विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या पहिल्या भागातले पहिलेच प्रकरण गुरुत्वाकर्षणाचे. त्यात वर्तुळाकार गती येते, अभिकेंद्री बल येते, वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या हे सूत्र येते. पुस्तकात दोरीला दगड बांधून फिरवायचा प्रयोग आहे, आणि तो चांगला आहे. पण दगडाच्या जागी आपण स्वतः होतो, श्रावणात, अंगणात, मैत्रिणीचा हात धरून, हे मुलीला वर्गात कोणी सांगत नाही. सूत्र पाठ होते, दोन गुण मिळतात, आणि मनगटांना ठाऊक असलेली गोष्ट मनगटांतच राहते.

या पुस्तकाचा विषय हाच आहे: मुलांच्या अंगात असलेले ज्ञान फळ्यापर्यंत कसे आणायचे, आणि त्यासाठी आजच्या तंत्रज्ञानाची मदत कशी घ्यायची. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतले विज्ञानशिक्षक, क्रीडाशिक्षक आणि जिल्हा परिषद शाळांतले गुरुजी-बाई डोळ्यांपुढे ठेवून ते लिहिले आहे. म्हणून प्रस्तावनेत तीन गोष्टी सांगायच्या आहेत. 'मिश्र वास्तव' म्हणजे नेमके काय, देहाच्या हालचालीतून विज्ञान शिकता येते याला आधार काय, आणि आपल्या मातीत हे कुठे आणि कसे रुजेल.

आधी नावाचे पाहू. १९९४ साली पॉल मिलग्राम आणि फुमिओ किशिनो या संशोधकांनी एक सोपी मांडणी केली. एका टोकाला आपले नेहमीचे जग, दुसऱ्या टोकाला संगणकाने संपूर्णपणे उभे केलेले जग. या दोन टोकांच्या मधला सगळा पट्टा म्हणजे मिश्र वास्तव, ज्याला आता सर्रास 'मिक्स्ड रिॲलिटी' म्हणतात. डोक्याला चष्मा चढवून, बाहेरचे सगळे बंद करून, आत दिसणाऱ्या दुनियेत फिरणे हे दुसऱ्या टोकाचे काम. त्याला आभासी वास्तव म्हणतात. मिश्र वास्तवात मुलाचे पाय खऱ्या जमिनीवर असतात, शेजारी खरा मित्र असतो, आणि त्या दोघांच्या हालचालींवर संगणक आपला एक थर चढवतो. भिंतीवरच्या पडद्यावर मुलाच्या जागी पाण्याचा कण दिसतो, जमिनीवर ग्रहाची कक्षा उमटते, किंवा हाताच्या झोक्याबरोबर आलेख रेखाटला जातो.

त्यासाठी शरीराची हालचाल यंत्राला 'दिसली' पाहिजे. २०१०च्या नोव्हेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टने घरगुती खेळांसाठी 'कायनेक्ट' नावाचा कॅमेरा बाजारात आणला. तो अवरक्त किरणांच्या साहाय्याने अंतर मोजत असे आणि समोरच्या माणसाचे सांधे ओळखत असे. खेळासाठी आलेले हे यंत्र शिक्षणसंशोधकांनी लगेच उचलले. त्यानंतरच्या दहा वर्षांत आणखी मोठा बदल झाला. साध्या कॅमेऱ्याच्या चित्रावरून शरीराची ठेवण ओळखणाऱ्या संगणकप्रणाली तयार झाल्या. गुगलची 'मीडियापाइप' ही त्यांपैकी एक, मोफत आणि खुली. ती नाक, खांदे, कोपरे, मनगटे, गुडघे, घोटे असे शरीरावरचे ३३ बिंदू टिपते, आणि त्यासाठी खास कॅमेरा लागत नाही. शिक्षकाच्या खिशातला फोन किंवा शाळेचा लॅपटॉप पुरतो. म्हणूनच हा विषय आता केवळ महागड्या प्रयोगशाळांचा राहिलेला नाही.

आता आधाराचे. अंगाने केलेली गोष्ट डोक्यात बसते, हे आपल्याकडे म्हणायची पद्धत आहेच. पण म्हणणे आणि तपासणे यांत फरक आहे. अमेरिकेत कार्ली कोंट्रा, सायन बायलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचे साधन अगदी साधे होते: एका आसावर बसवलेली सायकलची दोन चाके. चाके फिरवायची, आस दोन्ही हातांनी धरायचा आणि तो आडव्याचा उभा करायचा. चाके थांबलेली असताना हे सहज होते. फिरत असताना मात्र आस भलतीकडेच वळू पाहतो, हातांना विचित्र हिसका बसतो. कोनीय संवेग आणि बल आघूर्ण यांचा तो हिसका. काही विद्यार्थ्यांनी आस स्वतः धरला, काहींनी शेजारी उभे राहून नुसते पाहिले. नंतरच्या चाचणीत ज्यांनी तो हिसका अनुभवला होता ते पुढे राहिले. मेंदूचे चित्रण केल्यावर असे दिसले की प्रश्न सोडवताना त्यांच्या मेंदूतले हालचाल आणि स्पर्श यांच्याशी निगडित भाग अधिक काम करत होते. म्हणजे हातांनी घेतलेला अनुभव उत्तर शोधताना पुन्हा कामाला येत होता.

दुसरा प्रयोग थेट मिश्र वास्तवाचा. रॉब लिंडग्रेन आणि सहकाऱ्यांनी 'मीटिऑर' नावाची खोलीभर पसरलेली रचना केली. जमिनीवर अवकाशाचे चित्र पडते, मध्ये ग्रह असतो, आणि मूल स्वतः लघुग्रह होऊन त्या चित्रात धावते. ग्रहाजवळून जाताना आपली वाट किती वळेल आणि वेग कुठे वाढेल, याचा अंदाज त्याने पायांनीच सांगायचा. संगणक खरी वाट दाखवतो. हाच पाठ दुसऱ्या गटाने टेबलावर बसून, संगणकाच्या माउसने केला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार अख्ख्या देहाने शिकलेली मुले आकलनातही पुढे होती आणि विज्ञानाबद्दलची त्यांची ओढही जास्त होती.

नोएल एनिडी आणि जोशुआ डॅनिश यांनी याहून लहान, सहा ते आठ वर्षांच्या मुलांबरोबर काम केले. ज्या वयात बल आणि घर्षण हे शब्दही वर्गात येत नाहीत, त्या वयाची मुले चेंडू होऊन चालली, पाण्याचे कण होऊन गोठली आणि उकळली. पडद्यावर त्यांचे कण एकमेकांशी कसे बांधले जातात, हे दिसत राहिले. मुले आपसांत वाद घालू लागली, नियम शोधू लागली. खेळ हा खेळच राहिला आणि त्यातूनच विज्ञानाचा नियम वर आला.

आपल्या महाराष्ट्रातलाही एक अभ्यास इथे मुद्दाम सांगायला हवा, कारण त्यात यंत्र नव्हते. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातल्या शमीन पडळकर आणि जयश्री रामदास यांनी ग्रामीण, आदिवासी आणि शहरी झोपडवस्तीतल्या आठवीच्या मुलांना सूर्य-पृथ्वी-चंद्र शिकवण्यासाठी हातवारे आणि शरीराच्या हालचाली विचारपूर्वक रचल्या. २०११ मध्ये त्यांचे लेखन प्रसिद्ध झाले. हातात धरता येणारी प्रतिकृती एकीकडे आणि वहीतली सपाट आकृती दुसरीकडे. या दोहोंच्या मध्ये मुले हरवतात. स्वतः पृथ्वी होऊन फिरणे, हाताने दिशा आणि प्रतल दाखवणे, यातून तो मधला दुवा जुळतो, असे त्यांनी दाखवून दिले. तंत्रज्ञान आले ते या कामानंतर. काम आधीपासून चालू होते. पुढची सगळी प्रकरणे वाचताना हा क्रम लक्षात ठेवावा.

आता आपल्या दोन जिल्ह्यांकडे येऊ. देहाला शिक्षणात मानाने बसवण्याची परंपरा इथे जुनी आहे. औंध संस्थानचे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः सूर्यनमस्कारांचे निष्ठावंत साधक होते. त्यांनी संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार सुरू केले आणि १९३८ मध्ये त्यावर इंग्रजीत पुस्तक लिहून ते जगापुढे ठेवले. आज औंध सातारा जिल्ह्यात आहे, त्याच संस्थानातले आटपाडी सांगली जिल्ह्यात. याच संस्थानाच्या भूमीवर १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना आणि त्याभोवती किर्लोस्करवाडी वसवली. नमस्कार घालणारा देह आणि लोखंडाला आकार देणारा देह एकाच राज्यात शेजारी शेजारी होते.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्याला आणली. 'कमवा आणि शिका' या त्यांच्या योजनेत श्रम हे फी भरण्याचे साधन होतेच, शिवाय माणूस घडवण्याचेही होते. फलटणला मॅक्सिन बर्नसन यांनी १९८०च्या दशकात सुरू केलेली शाळा तर कमला निंबकरांचे नाव धारण करते. कमलाबाई जन्माने अमेरिकन. हातांना काम देऊन, हालचालीतून माणसाला बरे करायची ऑक्युपेशनल थेरपी ही विद्या त्यांनी भारतात आणली आणि मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात तिचे शिक्षण सुरू केले. अलीकडच्या काळात, साताऱ्याजवळच्या कुमठे बीटमधल्या जिल्हा परिषद शाळांनी विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या पुढाकाराने ज्ञानरचनावादाचा जो प्रयोग केला, तो बघायला राज्यभरातून शिक्षक येत. तिथे फरशीवर रेखाटलेल्या आकृत्यांभोवती बसून, त्यांवरून चालून, साहित्य हाताळून मुले शिकत होती. वर्गाची जमीन हीच पाटी झाली होती.

आणि तालीम. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. या पट्ट्यातल्या गावोगावच्या आखाड्यांत मुले आजही खाली वाकून, पाय फाकवून उभी राहतात. गुरुत्वमध्य खाली आणि पाया रुंद, म्हणजे तोल पक्का. प्रतिस्पर्ध्याचा गुरुत्वमध्य त्याच्या पायांच्या चौकटीबाहेर नेला की तो पडलाच. वस्ताद हे शब्दांत सांगत नाही, शरीरात घालतो. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याच्या भोपळ्यावर हात ठेवला की तारेचे कंपन तळव्याला कळते. ढोल-लेझीमच्या खेळात शंभर मुले एका ठेक्यावर वाकतात आणि ओळीतून लाट जाते.

इतके सगळे असूनही वेळापत्रकात एक भिंत उभी आहे. खेळाचा तास वेगळा, विज्ञानाचा वेगळा. मैदानावर देह आरोग्यासाठी, शिस्तीसाठी, पदकासाठी. वर्गात तो बाकावर गप्प बसवण्यासाठी. आपल्या थोरांनी देहाला शाळेत आणले, पण तो विज्ञानाच्या वर्गाच्या दाराशीच थांबला. त्याला आत घेणे हे आता आपले काम आहे.

हे प्रत्यक्षात कसे होते, ते एका उदाहरणात जवळून पाहू. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला भूकंप झाला. तीव्रता साडेसहाच्या आसपास. दीडशेहून अधिक माणसे गेली, हजारो घरे पडली. धरणात साठलेल्या पाण्याशी संबंध जोडल्या गेलेल्या भूकंपांमध्ये जगभर त्याचा अभ्यास होतो. केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची या विषयाची खास प्रयोगशाळा कराडमध्ये आहे आणि कोयनेच्या परिसरात तीन किलोमीटर खोल छिद्र पाडून खडकांचा अभ्यास झाला आहे. आमच्याकडच्या मुलांना 'हादरा' हा शब्द शिकवावा लागत नाही. पण हादरा पोहोचतो कसा, हे किती जणांना सांगता येईल?

दहा-बारा मुलांना एकामागे एक उभे करा, प्रत्येकाचे हात पुढच्याच्या खांद्यावर, कोपरे ताठ. शेवटच्या मुलाला मागून हलके ढकला. ढकल एकेक करत पुढे जाते आणि पहिले मूल झुकते. कुणीही जागा सोडलेली नसते. फक्त धक्का पुढे गेलेला असतो. या प्राथमिक लहरी. आता शेवटच्याने कमरेतून डावी-उजवीकडे डोलायचे. डोल खांद्यांवरून पुढे सरकतो, पण सावकाश. या दुय्यम लहरी. आता सगळ्यांनी खांद्यांवरचे हात काढायचे आणि नुसते जवळजवळ उभे राहायचे: आपण द्रव झालो. मागून ढकलले तर अंगाला अंग लागून धक्का पुढे जातोच. डोलले तर? शेजाऱ्याला काहीच कळत नाही. दुय्यम लहरी द्रवातून जात नाहीत, हे पुस्तकातले वाक्य इथे अंगाला कळते. मग सांगावे, पृथ्वीच्या पोटातल्या गाभ्याचा बाहेरचा भाग द्रवरूप आहे हे माणसाला समजले ते याच खुणेवरून. तिथे कुणी गेले नव्हते.

याच्या पुढचा भाग मोजण्याचा. मैदानावर एका टोकाला कोयनानगर मांडा. एक फूट म्हणजे एक किलोमीटर. सरळ रेषेत कराड साधारण ४७ फुटांवर येते, सांगली १०७ फुटांवर. एक मुलगा हलगीवर संथ ठोके देईल; एक ठोका म्हणजे एक सेकंद. प्राथमिक लहर झालेली मुलगी प्रत्येक ठोक्याला सहा फूट जाईल, दुय्यम लहर झालेली साडेतीन फूट, कारण भूकवचाच्या खडकात त्यांचे वेग सेकंदाला साधारण सहा आणि साडेतीन किलोमीटर असतात. कराडला पहिली आठव्या ठोक्याला पोहोचते, दुसरी चौदाव्याला. अंतर सहा ठोक्यांचे. सांगलीला पहिली अठराव्या, दुसरी एकतिसाव्या ठोक्याला. अंतर तेरा ठोक्यांचे. जितके दूर, तितकी दोघींमधली तफावत जास्त. आता मुलांना उलटा प्रश्न विचारा: आपल्या गावी दोन धक्क्यांमध्ये दहा सेकंद गेले, तर भूकंप किती लांब झाला? सेकंदाला आठ किलोमीटर या हिशेबाने ऐंशी, हे ती स्वतः शोधतात.

इथपर्यंत यंत्राची गरज नाही. मग यंत्र कशाला? पहिल्या मजल्याच्या कठड्यावर फोन ठेवा, त्याला पडदा जोडा. दोन्ही मुली धावत असताना पडद्यावर त्यांच्या मागे अंतर आणि वेळ यांचा आलेख उमटत जातो: दोन तिरक्या रेषा, एक उभट, एक पसरट. धावणे संपले की आलेख राहतो. मूल पडद्यापाशी जाऊन बोट ठेवते आणि म्हणते, 'ही मी.' दहावीपर्यंत ज्या रेषेचा उतार म्हणजे वेग असे आपण घोकून घेतो, तो उतार तिने पायांनी काढलेला असतो. मिश्र वास्तवाचे खरे काम हे. देहाने केलेली गोष्ट क्षणात विरते; यंत्र ती धरून ठेवते आणि गणिताच्या रूपात परत हाती देते.

दुसरे उदाहरण तासगावच्या बेदाणा शेडचे. द्राक्षात पाचातला चार भाग पाणी असते. चार किलोहून थोडी जास्त द्राक्षे सुकली की किलोभर बेदाणा होतो. सुकवण्याआधी ती एका द्रावणात बुडवतात, त्याने सालीवरचा मेणाचा थर मोकळा होतो आणि पाणी लवकर बाहेर पडते. मग सावलीत, जाळ्यांवर, वाऱ्यात. आता मैदानावर दोरीचे कडे करा, त्यात पंचवीस मुले पाण्याचे कण. सगळ्यांनी फिरत राहायचे, प्रत्येकाने आपल्या चालीने. दोरीत एकच फट, आणि धावत येणाऱ्यालाच बाहेर सोडायचे. फट रुंद केली की द्रावणात बुडवले. बाहेर उभ्या मुलांना कुणी लांब नेले नाही तर काही परत आत येतात. नेले तर येत नाहीत, तो वारा. मुलांना हा खेळ आवडतो, आणि बाष्पीभवन त्यांना बऱ्यापैकी समजते.

पण एक गोष्ट आत फिरणाऱ्या कुणालाच दिसत नाही. वेगवान कण निघून गेले की मागे उरलेल्यांचा सरासरी वेग कमी होतो. तापमान म्हणजे या सरासरीशी बांधलेली राशी, म्हणून बाष्पीभवनाने थंडावा येतो. घामाने अंग गार होते, माठातले पाणी गार होते, त्याचे कारण हे. पंचवीस जणांची सरासरी कुठल्याही एका शरीराला जाणवत नाही. ती कॅमेरा मोजतो आणि पडद्यावर खाली सरकणारा काटा दाखवतो. एकट्याच्या अंगाला न समजणारे, गटाचे असे सत्य दाखवणे, हे यंत्राचे दुसरे काम.

तिसरे काम सर्वांत महत्त्वाचे, आणि ते नीट समजून घेतले नाही तर ही सगळी पद्धत घातक ठरू शकते. देह चुकीचेही शिकवतो. गाडा ढकलायचे थांबवले की गाडा थांबतो. धावायचे थांबलो की आपण थांबतो. म्हणून प्रत्येक मुलाचे अंग सांगते की गती टिकवायला सतत जोर लावावा लागतो. ॲरिस्टॉटललाही तसेच वाटले होते आणि तो समज मोडायला गॅलिलिओ-न्यूटनांपर्यंतची वाट पाहावी लागली. नववीच्या पुस्तकात गतीचे नियम पहिल्याच प्रकरणात येतात. मुले जडत्वाचा नियम लिहितात आणि मनातून गाड्याचेच खरे मानतात. इथे पडद्यावरचा चेंडू उपयोगी पडतो. मुलाने हाताने त्याला ढकलले, हात थांबवला, आणि चेंडू चालतच राहिला. घर्षण किती ठेवायचे, ते शिक्षकाच्या हातात. घर्षण वाढवत नेले की चेंडू लवकर थांबतो, शून्यावर आणले की थांबतच नाही. अंगाची समजूत आणि डोळ्यांपुढचे दृश्य यांत विरोध उभा राहतो आणि तिथेच विचार सुरू होतो. अंगाचा अनुभव ही ज्ञानाची सुरुवात. तो पुरावा नव्हे. त्याला तपासायला समोर काहीतरी असावे लागते.

तसेच कणांचे. मूल कण होते तेव्हा ते दमते, मैत्रिणीकडे ओढले जाते, कोपऱ्यात लपते. पाण्याच्या रेणूला दमणे नाही, इच्छा नाही. प्रमाणाचेही भान लागते: मैदानावर सूर्य आणि पृथ्वी दहा पावलांवर मांडले तर मुलाच्या मनात तेच अंतर बसते. म्हणून प्रत्येक पाठाच्या शेवटी 'आपण कुठे खोटे होतो?' हा प्रश्न ठेवला आहे. तो गाळू नये. वेळ कमी असेल तर खेळ थोडा कमी करावा, प्रश्न ठेवावा.

शिक्षकांच्या अडचणी खऱ्या आहेत. अभ्यासक्रम मोठा, वर्गात मुले पन्नास-साठ, वीज केव्हा जाईल सांगता येत नाही, पडद्याला दुपारच्या उन्हात काही दिसत नाही. दोन शिक्षकी शाळेत क्रीडाशिक्षक हा वेगळा माणूसच नसतो. म्हणून प्रत्येक पाठ तीन पायऱ्यांत लिहिला आहे. पहिली पायरी नुसत्या मैदानाची: खडू, दोरी, हलगी. दुसरी एका फोनची: चित्रण करून, सावकाश चालवून मोजणे. तिसरी पडद्याची, जिथे हालचाल आणि आलेख एकाच वेळी दिसतात. पहिली पायरी केली तरी पाठ पूर्ण होतो. डोक्याला लावायचे चष्मे या पुस्तकात कुठेही आवश्यक धरलेले नाहीत. एका मुलाच्या डोळ्यांवर चष्मा आणि बाकीचे रांगेत, ही रचना आपल्या वर्गांना मानवणारी नाही. आणि चष्म्याआडच्या मुलाला शेजारच्याचा चेहरा दिसत नाही, जिथून निम्मे शिकणे येते.

मुलींबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. वयात आलेल्या मुलींना सगळ्यांसमोर धावायला, वाकायला, चित्रित व्हायला संकोच वाटतो, आणि तो समजून घ्यायला हवा. कॅमेरा वापरताना चित्रण साठवू नये. बिंदू आणि रेषा पडद्यावर दिसल्या, काम झाले, चित्र पुसले. पालकांना आधी बोलावून दाखवावे. पडद्यावर मुलीचा चेहरा न येता केवळ तिच्या सांध्यांची आकृती येते, हे पाहिले की बराचसा संकोच आणि बरीचशी शंका दूर होईल. जी मुले धावू शकत नाहीत, चालू शकत नाहीत, त्यांच्यासाठी तर हे तंत्र फार उपयोगी आहे. पडद्यावरचा लघुग्रह पायांनीच चालवावा असे नाही. एका मनगटाच्या हालचालीवरही तो चालतो. मैदानावरच्या खेळात जे मूल कायम कडेला बसले, ते या पाठात मध्यभागी येऊ शकते. ज्या जिल्ह्यातली एक शाळा कमला निंबकरांचे नाव अभिमानाने मिरवते, तिथे तरी याचा विसर पडू नये.

शेवटी एक मागणी आणि एक आग्रह. मागणी मुख्याध्यापकांकडे आणि केंद्रप्रमुखांकडे: आठवड्यातला एक तास विज्ञान आणि शारीरिक शिक्षण यांचा संयुक्त धरावा आणि तो मैदानावर घ्यावा. त्याला नवा निधी लागत नाही, नवी इमारत लागत नाही. वेळापत्रकातली एक रेष पुसावी लागते. गावातला वस्ताद, लेझीम शिकवणारा, बेदाणा शेडवर काम करणारी बाई, यांना त्या तासाला बोलवावे. मुलांना जो नियम शिकायचा आहे, तो या माणसांच्या अंगवळणी पडलेला असतो.

आग्रह शिक्षकांकडे, क्रमाचा. आधी अंदाज, मग हालचाल, मग मोजमाप आणि सर्वांत शेवटी सूत्र. फुगडीचा वेग दीडपट झाला तर ओढ किती होईल, हे मुलीने आधी फळ्यावर लिहावे. बहुतेक जणी 'दीडपट' असेच लिहितील, आणि तसेच वाटणे स्वाभाविक आहे. मग फेर धरावा, फोनने फेऱ्या मोजाव्यात, हाताच्या मध्ये स्प्रिंगचा काटा बांधता आला तर उत्तमच. आलेला आकडा अंदाजाशेजारी लिहावा. दोन आकडे जुळत नाहीत, असे दिसल्यावर जी मुलगी 'का?' म्हणून विचारते, तिला खडू द्यावा आणि वेगाचा वर्ग तिच्याकडूनच लिहवून घ्यावा. हा क्रम उलटा केला, सूत्र आधी आणि खेळ नंतर, तर सगळ्यात महागडे यंत्रही सहलीपुरतेच उरेल. क्रम पाळला तर दोरी, खडू आणि हलगी एवढ्यावरही विज्ञान शिकवता येईल, आणि पडदा आला की ते अधिक खोल शिकवता येईल.